पहाऱ्याला लावलेलं मशीन

“शंकरसिंगनं माहा गळा वापस आनून देल्ला,” असं माई म्हणाली आणि पंजाबराव गुल्हान्यांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाभुळगावच्या त्या पत्र्याच्या खोलीत पाच-सहा माणसं दाटीवाटीनं बसली होती. मधोमध पाटावर शंकरसिंग राठोडचा काळा चपटा लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून सत्यभामाबाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या माईचा, एकोणतीस वर्षांपूर्वीचा आवाज येत होता. माई आता ऐंशीची. दोन वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली तेव्हापासून तिच्या घशातून शब्द कमी आणि वाराच जास्त येतो. जवळ सरकून, ओठांकडे पाहत ऐकावं लागतं. पन्नास वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत जिनं उभ्यानं कीर्तन केलं, लाइट गेली तरी मंडपातल्या शेवटच्या म्हाताऱ्याच्या कानापर्यंत जिचा अभंग पोचायचा, ती बाई स्वतःचा आवाज ऐकत डोळे मिटून बसली होती आणि तिच्या मांडीवरचा हात आपोआप ठेका धरत होता. आवाज इतका स्वच्छ होता की चाल चढवण्याआधी ती श्वास कुठे घ्यायची तेही कळत होतं. कॅसेटची सरसर नाही, जनरेटरची घरघर नाही. शंकरसिंगच्या बापानं, लखीरामनं, बोरी अरबजवळच्या तांड्यावरून टेपरेकॉर्डर खांद्याला लावून नेऊन ते चाळीस मिनिटांचं कीर्तन भरून घेतलं होतं म्हणे. लखीराम वारला, पेटीत ती कॅसेट सापडली, आणि पुण्याची कंपनीतली नोकरी सोडून वर्षभरापूर्वी परत आलेल्या शंकरसिंगनं ती कसल्याशा नव्या प्रोग्रामनं धुऊन काढली. एकोणीसशे शहाण्णव साल. पंजाबरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्या साली त्यांना माई माहीतही नव्हती.

त्यांना आठवली ती नव्व्याण्णवची माई. तिच्या मागे उजव्या अंगाला उभे राहून टाळ वाजवायला ते लागले तेव्हापासून पायाशी मशीन असायचंच. आधी टेपरेकॉर्डर, मग खिशात मावेल एवढा डिजिटल रेकॉर्डर. चोवीस वर्षांत तीनशे अकरा कीर्तनं. लेकीचं लग्न असो की वडलांचं आजारपण, माईचं कीर्तन त्यांनी सोडलं नाही. आणि हे सगळं, गाव, तारीख, तिथी, अभंग, अशा नावांनी ओळीनं लावलेलं, त्यांच्या यवतमाळच्या घरी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये होतं; मूळ कॅसेटी बुरशी लागून गेल्या होत्या आणि रेकॉर्डर दर वेळी रिकामा होई. तीनशे अकरा वेळा त्यांनी तो गळा जपून ठेवला होता. मग एका कॅसेटवाल्यानं तो परत कसा काय आणून दिला? गेलाच कुठे होता तो? पण याच प्रश्नाशी त्यांचं मन अडखळलं, कारण त्यांनी यातलं एकही कीर्तन माईला कधी ऐकवलं नव्हतं. माईनं मागितलं नव्हतं. ज्याचा आवाज त्यालाच काय ऐकवायचं, असं त्यांना वाटलं असावं. किंवा तसंही वाटलं नसेल, सुचलंच नसेल. लॅपटॉप बंद करताना शंकरसिंग माईच्या पाया पडला आणि “येतो याडी” म्हणाला. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. माई हसली. तिच्या कपाळावरचा बुक्का सुरकुत्यांत मिसळून गेला. या हसण्याची पंजाबरावांना चोवीस वर्षांची ओळख होती, पण ते आजवर कीर्तन रंगल्यावरच यायचं. असं बसल्या जागी, एका शब्दावर आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

अंगणात चपला घालताना शंकरसिंगनंच विषय काढला. माणूस सरळ होता, हीच त्यातली अडचण. चव्वेचाळीस वर्षांचा, दाढी थोडी पिकलेली, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची सवय. तुमच्याजवळ तर सारा खजिना आहे, तुमची डिस्क एक दिवस द्या, आधी कॉपी करून ठेवू आणि मग आपण दोघं मिळून सावकाश साफ करू, असं तो म्हणाला. पंजाबरावांनी डिस्कचा विषय टाळला. तो प्रोग्राम कोणता, एवढंच विचारलं. शंकरसिंगनं सांगितलं, हातचं काही राखून न ठेवता सांगितलं. पंजाबराव वापरतात त्याच फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवर, तो चालतो, पण तिच्या पक्क्या आवृत्तीवर नाही. जी अजून घडते आहे, जिला डेव्हलपमेंट ब्रांच म्हणतात, तिच्यावरच.

“पन पंजाबभाऊ, तुमच्या जुन्या मशीनवर ते टाकू नका. कच्चं काम हाय ते. आज चालते, उद्या चालत नाई. रोज शे-दोनशे फायली बदलतेत, जुनी डिस्क तेवढं घासनं सहन करत नाई. आन कॉपी काढल्याबिगर तं हातच लावू नका.”

“पाहू,” पंजाबराव म्हणाले.

एसटीच्या खिडकीशी बसून यवतमाळला परतताना ते त्या बोलण्यातला एकेक शब्द उलटापालटा करत राहिले. दोन्ही बाजूला कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या होत्या, आणि त्यांना मात्र दिसत होता तो कोपराला लागलेला हात. ‘आपण दोघं मिळून.’ हा ‘आपण’ कुठून आला? पांढरकवड्याच्या मंडपात वादळानं कनात उडाली तेव्हा अंगाखाली रेकॉर्डर धरून कोण पडलं होतं? वणीला कोळशाच्या ट्रकांच्या आवाजात माईचा एक अभंग बुडाला म्हणून दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा म्हणायला तिला कोणी विनवलं होतं? आणि कॉपी. एकदा कॉपी झाली की तीनशे अकरा कीर्तनं दोन ठिकाणी झाली, आणि दोन ठिकाणी झालेली वस्तू कोणाचीच राहत नाही. चोवीस वर्षांत त्यांनी कुणालाही कॉपी दिली नव्हती. ऐकायचं असेल तर घरी या, असं ते म्हणत. आणि लोक येत, चटईवर बसून ऐकत, हंसाबाई चहा करत, जाताना लोक पंजाबरावांच्याही पाया पडत. हे कोणाच्या मोबाइलवर गेलं की चटईवर कोण येणार? ‘जुन्या मशीनवर टाकू नका’ हे तर त्यांना सरळसरळ असं ऐकू आलं की तुमच्यासारख्या जुन्या माणसानं या वाटेला येऊ नये. शंकरसिंगच्या आवाजात तसं काही नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. बस घाटाला लागली तेव्हा कानात दडे बसले, आणि त्या बंद कानांतही तो धुतलेला आवाज चालूच होता, श्वासासकट.

ते मशीन कॉलेजातलं. प्रयोगशाळेत परिचर म्हणून नोकरी करताना कॉम्प्युटरची खोली झाडणं, वायरी लावणं, मास्तरांच्या मागे उभं राहून पाहणं, असं करत करत पंजाबराव शिकले होते. आणि कॉलेजनं नवी यंत्रं घेतली तेव्हा जुन्यांपैकी एक त्यांच्या घरी आलं. सतरा वर्षांचं झालं आता. पांढरा रंग पिवळा पडला होता, चालू करताना झाकणावर चापट मारावी लागे, पण नऊ वर्षं त्याच पक्क्या आवृत्तीवर ते एकदाही रुसलं नव्हतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे. हंसाबाई त्याच्यावर विणलेला रुमाल घालत आणि त्याला आजोबा म्हणत. दोन आवृत्त्यांचा फरक पंजाबरावांना कळत नव्हता असं नाही. पक्की आवृत्ती म्हणजे राहतं घर. घडती आवृत्ती म्हणजे बांधकाम चालू असलेलं. तिथे आज जिना इथे, उद्या तिथे. गवंडी जगभर पांगलेले, आणि कुठल्या खोलीत कुणाचं म्हातारं माणूस झोपलंय हे त्यांच्या गावीही नसतं. सतरा वर्षांचं यंत्र अजून कोणी चालवत असेल ही कल्पनाच त्यांनी सोडून दिलेली. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही बाभुळगावच्या नामसप्ताहाच्या दहा दिवस आधी, दुपारची जेवणं झाल्यावर, चष्मा पुसून ते मशीनपुढे बसले आणि इंटरनेटवर पाहून एकेक आज्ञा वहीत उतरवू लागले. हंसाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. बाभुळगावहून आल्यापासून तुम्ही धड जेवला नाहीत, असं त्या म्हणाल्या. पंजाबराव म्हणाले, माईसाठी करतो आहे, काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या, दिवशी सगळी कीर्तनं साफ करून तिच्या हाती द्यायची आहेत.

“माईसाठी करून राह्यले का शंकरसिंगसाठी?” हंसाबाई म्हणाल्या. “तुमचा जीव जयून राह्यला त्याच्यावर, दुसरं काई नाई. त्या आजोबाले कायले तरास देता?”

त्यांनी वहीतली पुढची आज्ञा टाइप केली. बायकोनं नेमकं बोट ठेवलं की माणूस बहिरा होतो. पडद्यावर ओळींवर ओळी सरकत गेल्या, जुन्या फायली निघत होत्या, नव्या बसत होत्या, आणि एका क्षणी प्रणालीनं विचारलं की पुढे जायचं का, मागे येता येणार नाही. पंजाबरावांनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि ‘हो’ दाबलं. त्या नाव घेण्यात भक्ती किती आणि भीती किती, हे विठ्ठलच जाणे. पण यंत्र उठलं. रंग जरा फिके दिसत होते, अक्षरं मोठाली झाली होती, तरी उठलं. नवा प्रोग्राम आला. त्यांनी दोन हजार चारचं दारव्ह्याचं कीर्तन लावलं, पट्टी पुढे सरकत सरकत टोकाला गेली, आणि मग माई गायला लागली. कापडाआडून बोलणारं माणूस कापड बाजूला करून समोर यावं तशी. पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी केलं, असं त्यांना वाटलं, आणि ते पाणी अर्धं पुसायच्या आतच दुसरा विचार आला की शंकरसिंगजवळ एक आहे आणि माझ्याजवळ तीनशे अकरा. मग त्यांनी पाणी पूर्ण पुसलं आणि पुढचं कीर्तन लावलं.

बाभुळगावचा सप्ताह लागला. सात दिवस अखंड नाम, आणि पहाऱ्याची वीणा. ती वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचा पहारा, आणि देता-घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. पंजाबरावांचा पहारा सकाळी दहा ते बाराचा. यवतमाळहून आठच्या बसनं निघायचं, वीणा घ्यायची, मग संध्याकाळच्या कीर्तनाला टाळ धरून परत यायचं. आणि इकडे घरी यंत्राला एकेका कीर्तनाला पाऊण तास लागत होता. त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी धरलं की हाही पहाराच. वीणा जशी खाली ठेवत नाही तसं मशीन बंद करायचं नाही; काला होईपर्यंत अखंड. कोणी सांगितलं नव्हतं, शास्त्रात कुठे नव्हतं, पण एकदा मनात संकल्प उठला की तो मोडणं त्यांच्या हाडात नव्हतं. त्यांनी मशीनवरचा रुमाल काढला, शेजारी उदबत्ती लावली, आणि बाहेर पडताना त्यालाही नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी प्रोग्राम अडून बसला. म्हणे, अमुक भाग नवा पाहिजे. तो नवा घेतला तर त्यानं आणखी चाळीस मागितले, त्या चाळिसांनी ध्वनीचा भागच काढून टाकला, तो परत बसवायला दोनशे फायली आल्या. चौथ्या दिवशी तेच. सकाळी निघताना बदल सुरू करून जायचं, रात्री येऊन बंद पडलेलं कीर्तन पुन्हा लावायचं. कच्च्या घरात राहायला गेलेल्या माणसाला रोज उठून भिंत कुठे आहे ते शोधावं लागतं तसं झालं होतं. वीणा गळ्यात असताना ओठ नाम घेत होते आणि डोक्यात आकडा होता: एकशे चार झाली, दोनशे सात राहिली. समोर शंकरसिंग वारकऱ्यांना पाणी वाटत होता. आपला पहारा संपल्यावर वीणा त्याच्याच गळ्यात जाणार, हे पंजाबरावांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. रोज बारा वाजता तो पुढे येई, वाकून पाया पडे, आणि पंजाबरावांनाही वाकावं लागे. वाकताना त्यांच्या पाठीत काहीतरी कडक होई. एकदा तर वीणेचा पट्टा त्यांच्या हातातून सुटेचना. शंकरसिंग हसून म्हणाला की वीणेलाच जायचं नाही वाटतं. लोक हसले. माई पलीकडे खुर्चीवर होती, तीही हसली असावी.

पाचव्या दिवशी सकाळी ते टाळ पिशवीत घालत होते तेव्हा मशीनमधून आवाज आला. टक, टक-टक, टक. मग थोडं थांबून पुन्हा तेच. त्यांनी कान दिला. चोवीस वर्षं टाळ वाजवलेला कान. त्याला कुठल्याही आवाजात आधी ठेका ऐकू येतो आणि मग बाकीचं. ठेका बरोबर होता, आठ मात्रांचा, भजनी, मात्रेला मात्रा लागलेली. त्यांना बरंच वाटलं, यंत्रही नामाला लागलं असं काहीसं. मग एक बारीक शंका आली. शंकरसिंगचं ते घासण्याबद्दलचं बोलणं आठवलं, डिस्कवर हात ठेवला तर ती तापलेल्या तव्यासारखी लागली. पडद्यावर तीनशे चौदा फायली बदलायच्या होत्या, त्यांतल्या ऐंशी झालेल्या. बंद करावं का? पहारा मध्येच मोडायचा? पाचव्या दिवशी, दोन दिवसांवर काला असताना? आणि बंद करून पुढे काय, शंकरसिंगला विचारायचं? हंसाबाई अंगणात गव्हातले खडे काढत होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं की कसला आवाज येतोय. पंजाबराव म्हणाले, पंख्याचा. आणि आठची बस गाठायला निघाले. बसमध्ये त्यांच्या बोटांनी पूर्ण रस्ताभर मांडीवर तोच ठेका धरला होता. घाट उतरताना लक्षात आलं की मघाशी तो ऐकता ऐकता एक मात्रा चुकत होती, दर चौथ्या आवर्तनाला, आणि आपण ती आपल्या मनानं भरून घेतली होती.

रात्री घरी आले तेव्हा पडदा काळा होता. वर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, खाली लुकलुकणारी रेघ. टकटक बंद पडलेली. त्यांनी झाकणावर चापट मारली, वायरी काढून घातल्या, वहीतल्या सगळ्या आज्ञा पुन्हा देऊन पाहिल्या. प्रणाली विचारत होती की डिस्क कुठे आहे. दुसऱ्या दिवशी वीणेला न जाता त्यांनी डिस्क काढली, रुमालात बांधली आणि बसस्टँडजवळच्या जब्बारच्या दुकानात नेली. जब्बारचा मुलगा अय्याज कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं ती आपल्या मशीनला लावली, कानाशी धरली, पुन्हा लावली. काका, इसका तो अंदर का घिस गया, असं म्हणून त्यानं विचारलं की कॉपी कुठे आहे. पंजाबराव हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले. अय्याजनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला की शंकरसिंगभैयांना दाखवा, त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. सगळ्या वाटा शेवटी त्याच अंगणात जात होत्या. पंजाबराव दुकानाबाहेर रसवंतीच्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिले. मांडीवर रुमालातली डिस्क, तळहाताएवढी, थंड. त्यांना रडू येत नव्हतं. येत होता तो एक विचित्र, घाणेरडा दिलासा, की आता ही कुणालाच मिळणार नाहीत. तो क्षणभरच होता, पण त्यांनी तो स्वतःच्या आत पाहिला, अंधाऱ्या न्हाणीत अचानक विंचू दिसावा तसा, आणि ते दचकून उठून उभे राहिले.

काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, लाह्या वाटल्या गेल्या, लोक पांगले. दुपारी माईच्या खोलीत तिघंच उरले. पंजाबरावांनी रुमाल सोडून डिस्क शंकरसिंगपुढे ठेवली आणि जे केलं ते सगळं सांगितलं. घडती आवृत्ती, पहारा, ती टकटक, पंख्याचा म्हणून सांगितलेलं खोटं. फक्त तो दिलासा सांगितला नाही. शंकरसिंगनं डिस्क लॅपटॉपला लावली आणि तासभर जे जे करता येईल ते करून पाहिलं. मी म्हणलं होतं, असं तो म्हणाला नाही. पंजाबराव त्या एका वाक्याची वाट पाहत होते, ते आलं असतं तर थोडं हलकं झालं असतं. शेवटी त्यानं वायर काढली, हात मांडीवर ठेवले, आणि एकाएकी त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. तो रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. पंजाबराव कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिले. चोवीस वर्षं माझी गेली आणि रडतो हा. मला का येत नाही? त्या रडण्याचाही त्यांना हेवा वाटला, आणि हे कळल्यावर मात्र त्यांना खरोखर भीती वाटली.

माई दोघांकडे पाहत होती. तिनं हात हलवून दोघांना जवळ बोलावलं. तिच्या घशातून वारा आला, मग शब्द आले. डबी गेली तं जाऊ द्या रे, असं ती म्हणाली. माह्या मागं उभे होते ना तुमी, तुमाले काय आठवते ते सांगा. पंजाबरावांनी तोंड उघडलं. तीनशे अकरा कीर्तनांच्या तारखा त्यांना पाठ होत्या. दारव्हा, दोन हजार चार, कार्तिक शुद्ध द्वादशी. आर्णी, दोन हजार नऊ. कुठे माइक कुठे लावला होता, कुठे कॅसेट उलटायला तीन सेकंद गेले, कुठे रेकॉर्डरवरचा आवाजाच्या पातळीचा दिवा लाल झाला. पण माई काय म्हणाली? ते शोधू लागले तर प्रत्येक मंडपात त्यांना आपली मान खाली घातलेली दिसली, डोळे त्या लाल-हिरव्या दिव्यावर. एकही वाक्य पूर्ण सापडेना. घरी गेल्यावर ऐकू म्हणून त्यांनी चोवीस वर्षं ऐकणं पुढे ढकललं होतं, आणि घरी गेल्यावर ते नावं लावत बसले होते. माई वाट पाहत होती.

शंकरसिंगनं डोळे पुसले. मी कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत आलतो, तो म्हणाला, तेव्हा बोरी अरबला याडीचं कीर्तन होतं. दोन हजार एक असंल. “तांड्यावरची एक बाई लेकरू घेऊन बसली होती समोरच. ते लेकरू असं रडत होतं का काई विचारू नका. लोक तिले उठ म्हनून राह्यले होते. टाळकऱ्यायतलं एक जन तं तिच्याकडे असे डोये वटारून पाहे...”

तो थांबला. ते टाळकरी कोण हे त्याला तेव्हा ठाऊक नसेल, आता बोलता बोलता ठाऊक झालं. पंजाबरावांना ते लेकरू आठवलं. चेहरा नाही, फक्त आवाज. पातळीचा दिवा लाल करणारा, एका चांगल्या अभंगाची माती करणारा. कॉम्प्युटरवर चढवताना त्यांनी सव्वाचार मिनिटं कापून टाकली होती, लेकरासकट, आणि त्या सव्वाचार मिनिटांत माई जे काही बोलली असेल त्यासकट. ते खरंच त्यांना माहीत नव्हतं. डिस्क शाबूत असती तरी माहीत नसतं. जगात ते या एका माणसाजवळ होतं, कोपराला हात लावून बोलणाऱ्या. छातीत तीच जुनी जळजळ उठली, ओळखीची, आज आणखी तिखट. पण तिच्यामागून काहीतरी वेगळंही येत होतं, भुकेसारखं, उपासाच्या दिवशी शेजारच्या घरातून फोडणीचा वास यावा तसं.

माईच्या पायाशी पंजाबराव सरकून बसले, इतके जवळ की त्यांचा गुडघा शंकरसिंगच्या गुडघ्याला लागला.

“मीच होतो तो डोये वटारनारा,” ते म्हणाले. “मंग? मंग माई काय म्हनली रे त्या बाईले? सांग ना, शंकर. सुरुवातीपासून सांग.”

शंकरसिंगनं माईकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि सांगू लागला. माईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. पंजाबरावांनी मान वर केली आणि या वेळी दोघांच्याही तोंडाकडे पाहत ऐकू लागले.